फोन हातात, रेंज पूर्ण, तरी ‘कव्हरेज क्षेत्राच्या बाहेर’: मोबाइलचा पुकारा कसा चालतो?

फोन हातात आहे, वरच्या कोपऱ्यात रेंजच्या सगळ्या दांड्या भरलेल्या आहेत, आणि घरचे म्हणतात, ‘मघापासून लावतोय, कव्हरेज क्षेत्राच्या बाहेर सांगतंय.’ लोकलमध्ये, लिफ्टमधून बाहेर पडताना, मेट्रो ३ च्या भूमिगत स्थानकातून वर येताना मुंबईत हे रोज कोणाच्या ना कोणाच्या वाट्याला येतं. मागाहून मिस्ड कॉलचा एसएमएस येतो, पण फोन एकदाही वाजलेला नसतो.

यात खोटं कोणीच बोलत नसतं. फोन वाजण्याआधी नेटवर्कला तो शोधावा लागतो. हा शोध ज्या वाटेने चालतो तिला पेजिंग चॅनल म्हणतात. वाट अरुंद आहे, तिचं वेळापत्रक मिलिसेकंदांत आखलेलं आहे, आणि ती कुठे चुकते हे कळण्यासाठी आधी ती बांधली कशी आहे ते पाहावं लागेल.

कोर्टातला पुकारा

कोर्टाच्या दाराशी येऊन शिपाई नाव पुकारतो. पक्षकार जिन्यात आहे, कॅन्टीनमध्ये आहे की वकिलाशी बोलत व्हरांड्यात उभा आहे, हे शिपायाला ठाऊक नसतं. आवाज पोचेल एवढ्या अंतरात तो असणार, इतक्या भरवशावर पुकारा होतो. ज्याचं नाव तो ‘हजर’ म्हणत पुढे येतो, आणि कामकाज त्यानंतर सुरू होतं.

पेजिंग म्हणजे असाच पुकारा. तुम्ही बोलत असता किंवा व्हिडिओ बघत असता तेव्हा त्याची गरज नसते. फोन आणि टॉवर यांचा जोड चालू असतो. वापर थांबला की काही सेकंदांत, बहुधा दहाएक सेकंदांत, नेटवर्क तो जोड सोडून देतं. मग फोन गप्प होतो आणि फक्त ऐकतो. खिशातला फोन दिवसाचा बराच वेळ याच अवस्थेत असतो. या अवस्थेत कॉल येवो, ओटीपी येवो की व्हॉट्सॲपवरचा ‘जेवलास का?’ येवो, प्रत्येकासाठी आधी पुकारा व्हावा लागतो.

मोबाइल कंपनीला माझी जागा सतत माहीत नसते का?

गप्प असलेल्या फोनची नेमकी जागा नेटवर्कला माहीत नसते. त्याला फक्त एरिया माहीत असतो. शेजारशेजारच्या बऱ्याच टॉवरचा एक गट केलेला असतो, त्याला ४जी आणि ५जीमध्ये ट्रॅकिंग एरिया म्हणतात. प्रत्येक टॉवर आपल्या एरियाचा क्रमांक सतत जाहीर करत असतो. फोनजवळ अशा क्रमांकांची यादी असते. तीत जास्तीत जास्त १६ एरिया मावतात. यादीतल्या एरियांमध्ये फोन कितीही फिरला, टॉवरमागून टॉवर बदलले, तरी तो नेटवर्कला काही कळवत नाही. यादीबाहेरचा क्रमांक कानावर आला की मात्र लगेच नोंद करतो: ‘मी इकडे आलो.’ याशिवाय ठरावीक वेळाने ‘मी आहे’ अशी हजेरी असते. ४जीच्या मानकात तिची मूळ वेळ ५४ मिनिटं आहे, कंपनी ती बदलू शकते.

एरिया केवढा ठेवायचा, यावर नेटवर्क आखणाऱ्यांचं निम्मं डोकं खर्च होतं. मोठा ठेवला तर एका फोनसाठी शेकडो टॉवरवरून पुकारा करावा लागतो. लहान ठेवला तर फोनला सारखी नोंद करावी लागते. चर्चगेटहून सुटलेल्या विरार फास्टचं उदाहरण घ्या. बारा डब्यांत काही हजार माणसं, बहुतेकांच्या खिशात किमान एक फोन. एरियाची हद्द रुळांना आडवी गेली असेल, तर गाडी ती ओलांडते तेव्हा काही सेकंदांत हजारो फोन एकदम नोंदीला धावतात, आणि हे दर गाडीला होतं. म्हणूनच यादीची सोय झाली. वेगवेगळ्या फोनना वेगवेगळ्या, एकमेकींवर चढलेल्या याद्या दिल्या की हद्द सगळ्यांसाठी एकाच खांबापाशी येत नाही आणि नोंदींची लाट पसरून मऊ होते.

मग पोलिसांना लोकेशन मिळतं ते कसं? फोन बोलला की त्या क्षणीचा टॉवर नोंदला जातो, आणि गरज पडल्यास पुकारा करूनही तो काढता येतो. आजच्या फोनमधली ॲप्स इतक्या वेळा बोलतात की शेवटचा टॉवर फार जुना क्वचितच असतो. पण नेटवर्क फोनच्या मागे मागे चालत असतं, ही समजूत चुकीची आहे.

पाण्याची वेळ: पेजिंग चॅनलची रचना

मुंबईत नळाचं पाणी दिवसभर येत नाही. प्रत्येक वस्तीची वेळ ठरलेली असते. चावीवाला त्या वेळी व्हॉल्व्ह उघडतो आणि लोक त्याच वेळी नळ सोडतात. चोवीस तास नळाशी उभं कोणी राहत नाही. फोनही तसाच वागतो. तो सतत ऐकत बसला तर बॅटरी लवकर संपेल, म्हणून त्याची ऐकण्याची वेळ ठरवून दिलेली असते. एरवी त्याचा रेडिओ बंद असतो.

ही वेळ कोण ठरवतं? कोणीच कोणाला कळवत नाही. फोन आणि नेटवर्क दोघेही एकच गणित करतात आणि उत्तर सारखंच येतं.

२जीमध्ये रचना डोळ्यांसमोर उभी राहते, म्हणून आधी ती बघू. टॉवर एका लहरीवरचा एक टाइमस्लॉट, म्हणजे वेळेचा ठरलेला तुकडा, सगळ्यांसाठीच्या घोषणांना देतो. त्यावर ५१ फ्रेमचं, म्हणजे वेळेच्या छोट्या चौकटींचं, चक्र फिरतं, एक फेरी सुमारे २३५ मिलिसेकंदांची. ५१ चा हिशेब असा: ५ फ्रेम लहर जुळवण्यासाठी, ५ वेळ जुळवण्यासाठी, ४ टॉवरची माहिती सांगण्यासाठी, १ रिकामी, आणि उरलेल्या ३६ मध्ये चार-चार फ्रेमचे ९ खण. या नवांतले काही खण ‘ये, हा चॅनल तुझा’ असं हजर झालेल्या फोनला सांगण्यासाठी राखतात, बाकीचे पुकाऱ्याचे. पुकाऱ्याचे ८ खण असतील आणि वेळापत्रक ४ फेऱ्यांचं असेल तर ३२ गट होतात. सिमच्या कायम क्रमांकाचे शेवटचे तीन आकडे घेऊन फोन आपला गट काढतो आणि साधारण ०.९४ सेकंदांनी एकदा, आपल्याच खणापुरता जागा होतो. सिमचा हा क्रमांक १५ आकडी असतो, भारतात तो ४०४ किंवा ४०५ ने सुरू होतो, आणि तुमच्या मोबाइल नंबरशी त्याचा काही संबंध नसतो.

४जीमध्ये वेगळे खण उरले नाहीत. पुकारा ज्या वाटेवरून इंटरनेटचा डेटा जातो त्याच वाटेवरून जातो, ठरलेली असते ती फक्त वेळ. टॉवर १० मिलिसेकंदांच्या फ्रेमना ० ते १०२३ असे क्रमांक देत जातो, १०.२४ सेकंदांनी पुन्हा शून्य. समजा कंपनीने चक्र १२८ फ्रेमचं ठेवलं, म्हणजे १.२८ सेकंदांचं, आणि प्रत्येक फ्रेममध्ये एक पुकारा. सिमच्या क्रमांकाला १०२४ ने भागून बाकी ७०० उरली असं धरू. ७०० ला १२८ ने भागा, बाकी ६०. या फोनची वेळ ठरली: फ्रेम ६०, मग १८८, ३१६, ४४४ अशी दर १२८ ला. फ्रेमच्या आतही एक मिलिसेकंदाचा तुकडा ठरलेला आहे. जाणं आणि येणं वेगळ्या लहरींवर असेल तर अशा मांडणीत तो ९ क्रमांकाचा, एकाच लहरीवर आळीपाळीने असेल तर शून्याचा.

त्या मिलिसेकंदात फोन आधी नियंत्रणाच्या ओळीवर ६५५३४ हा आकडा आहे का ते बघतो. जगातल्या प्रत्येक ४जी आणि ५जी नेटवर्कात पुकाऱ्याची खूण हीच. आकडा नसेल तर फोन लगेच झोपतो. असेल तर पुढची यादी वाचतो. यादीत आपलं टोकन, म्हणजे नेटवर्कने दिलेला तात्पुरता क्रमांक, नसेल, तरी झोपतो. टोकन असेल तरच ‘हजर’ म्हणायला उठतो: आधी एक छोटा इशारा, टॉवरचं उत्तर, जोड मागणं, जोड मिळणं, आणि मग घंटी.

यादीत नावं किती मावतात?

२जीचा एक खण २३ बाइटचा. त्यात तात्पुरती टोकनं वापरली तर ४ फोन मावतात, सिमचा लांबलचक कायम क्रमांक वापरला तर फक्त २. टोकनाचा फायदा गोपनीयतेला होतोच, पण ते जागाही वाचवतं. ८ खणांनी सेकंदाला सुमारे ३४ संदेश निघतात, म्हणजे जास्तीत जास्त १३६ फोन.

४जीच्या एका यादीत १६ फोन मावतात, ५जीच्या यादीत ३२. ४जीत दर फ्रेमला एक पुकारा म्हणजे सेकंदाला १०० याद्या, १६०० नावं. पण प्रत्येक यादी डेटाची जागा खाते, म्हणून कंपनी दर चार फ्रेमना एकच पुकारा ठेवू शकते. मग मर्यादा सेकंदाला ४०० वर येते.

हा आकडा मोठा वाटतो, पण एरियाची गोष्ट इथे पुन्हा आडवी येते. एका एरियात १०० सेल, म्हणजे टॉवरच्या आवाजाचे १०० टापू, आहेत आणि प्रत्येक सेलच्या हद्दीतल्या फोनना सेकंदाला ४ पुकारे लागतात असं धरू. कोण कुठे आहे हे माहीत नसल्याने प्रत्येक पुकारा शंभरही सेलवर होतो. म्हणजे प्रत्येक सेल सेकंदाला ४०० नावं पुकारतो आणि त्यातली ३९६ माणसं त्याच्या हद्दीत नसतातच. मर्यादा तिथेच भरली. पुकारे वेळेवर सारखे पसरत नाहीत, त्यामुळे प्रत्यक्षात त्याआधीच काही नावं मागे पडतात. न मावलेलं नाव त्या फोनच्या पुढच्या वेळेपर्यंत थांबतं, किंवा गळून जातं.

यावरचा उपाय साधा आणि मला फार आवडणारा आहे: आधी जिथे फोन शेवटचा दिसला त्या टॉवरवर आणि त्याच्या शेजाऱ्यांवरच पुकारा करायचा. ऑफिसात बसलेला माणूस बहुधा तिथेच सापडतो. नाही सापडला तर दुसरा पुकारा सगळ्या एरियात. किंमत एवढीच की धावत्या गाडीतल्या माणसाचा फोन थोडा उशिरा वाजतो.

सारखं उठून बॅटरी जात नाही?

१.२८ सेकंदांतून एक मिलिसेकंद ऐकायचं, त्यासाठी घड्याळ जुळवायला काही मिलिसेकंद आधी उठायचं. बाकी वेळ झोप. चक्र दुप्पट केलं तर बॅटरी आणखी वाचते, पण फोन वाजायला उशीर होतो: १.२८ च्या चक्रात सरासरी ०.६४ सेकंद, २.५६ च्या चक्रात १.२८ सेकंद. ४जीत ०.३२, ०.६४, १.२८ आणि २.५६ एवढे चार पर्याय आहेत. मीटरसारख्या, घाई नसलेल्या यंत्रांसाठीच्या एनबी-आयओटीत हे चक्र जवळजवळ तीन तासांपर्यंत लांबवता येतं.

पुकारा चोरून ऐकता येतो का?

येतो. पुकारा सगळ्यांसाठी असतो, त्याला कुलूप नसतं. म्हणूनच तिथे मोबाइल नंबर कधीच उच्चारला जात नाही, बँकेसारखं टोकन वापरतात. तरी ४जीत एक फट राहिली. टोकन बदलतं, पण ऐकण्याची वेळ सिमच्या कायम क्रमांकावरून निघते आणि ती बदलत नाही. एखाद्या नंबरला वारंवार कॉल करून, घंटी वाजण्याआधी कापून, कोणत्या वेळी पुकारे वाढतात हे बघत राहिलं तर ती व्यक्ती त्या एरियात आहे का याचा अंदाज बांधता येतो. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी हे दाखवून दिलं.

५जीत वेळसुद्धा तात्पुरत्या टोकनावरून काढतात आणि पुकाऱ्याला उत्तर दिल्यावर टोकन बदलणं बंधनकारक आहे. ५जीत आणखी एक भर आहे. टॉवर सगळीकडे सारखा आवाज न टाकता टॉर्चसारखे झोत टाकतो, आणि फोन कोणत्या दिशेला आहे हे माहीत नसल्याने तोच पुकारा प्रत्येक झोतावर करावा लागतो. आपल्याकडच्या ३.३ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात असे झोत ८ पर्यंत असू शकतात. मात्र ज्या नेटवर्कात ५जी हे ४जीच्या आधारावर चालतं, तिथे पडद्यावर ५जी दिसलं तरी पुकाऱ्याचं काम ४जीच करतं.

आपत्तीचा इशारा याच दारातून येतो

२०२३ मध्ये दूरसंचार विभागाने देशभर चाचणीचे इशारे पाठवले, तेव्हा अनेक फोन मोठ्याने वाजले आणि लोक दचकले. तो एसएमएस नव्हता. त्यासाठी कोणाचाही नंबर लागत नाही. टॉवर पुकाऱ्यात फक्त एक खूण करतो की तातडीची सूचना आहे, आणि ती दिसलेला प्रत्येक फोन टॉवरच्या सार्वजनिक माहितीतून संदेश वाचतो. प्रत्येक फोनची वेळ वेगळी, म्हणून खूण निदान एक पूर्ण चक्रभर करावी लागते. शेजारी बसलेल्या दोघांचे फोन किंचित पुढेमागे वाजण्याचं हेही एक कारण. मुंबईसारख्या पाणी तुंबणाऱ्या शहरात हे दार फार मोलाचं आहे, कारण लाखो लोकांना सांगायला त्याला लाखो पुकारे लागत नाहीत.

मग पुकारा चुकतो कुठे?

आता पहिल्या प्रश्नाकडे. रेंजच्या दांड्या काय मोजतात? टॉवरचा आवाज फोनपर्यंत किती येतो, एवढंच. टॉवर दहा-वीस वॅट किंवा त्याहून जास्त ताकदीने बोलतो, ४जीचा फोन साधारणपणे जास्तीत जास्त ०.२ वॅटने. जाड भिंतींच्या आत फोनला पुकारा ऐकू येतो, तो ‘हजर’ म्हणतो, पण त्याचा आवाज टॉवरपर्यंत पोचत नाही. नेटवर्कच्या दृष्टीने उत्तर आलंच नाही.

गर्दीत वेगळंच घडतं. अनंत चतुर्दशीला गिरगाव चौपाटीवर पुकारा पोचतो, पण ‘हजर’चा पहिला इशारा शेकडो फोन एकाच वेळी देत असतात आणि ते एकमेकांवर आदळतात. कॉल करणाऱ्याला ऐकू येतं तेच वाक्य.

लिफ्टमध्ये फोन नेमका आपल्या वेळी बहिरा असतो. नेटवर्क काही सेकंदांनी पुन्हा पुकारतं. लिफ्ट तोवर उघडली तर फोन वाजतो, नाहीतर नाही.

दोन सिमचे फोन हे आपल्याकडचं सर्वांत दुर्लक्षित कारण. बहुतेक फोनमध्ये दोन्ही सिमना मिळून एकच रेडिओ असतो. एका सिमवर बोलणं चालू असताना दुसऱ्याचा पुकारा ऐकायला तो मोकळा नसतो. इतकंच काय, दोन्ही सिमच्या ऐकण्याच्या वेळा जुळल्या आणि चक्रंही सारखी असली, तर काही न करता पडून असलेला फोनही एका सिमचा पुकारा फेरीमागून फेरी चुकवू शकतो. २०२२ मध्ये पूर्ण झालेल्या मानकांच्या टप्प्यात फोनला आपली वेळ बदलून मागण्याची सोय झाली, पण त्यासाठी फोन आणि नेटवर्क दोघांनाही ती यावी लागते.

‘बंद आहे’ आणि ‘कव्हरेज क्षेत्राच्या बाहेर आहे’ यांतला फरकही इथेच आहे. बटणाने फोन बंद केला किंवा फ्लाइट मोड लावला की फोन जाताना ‘मी निघालो’ असं कळवतो. मग नेटवर्क पुकारतच नाही, सरळ ‘बंद’ सांगतं. बोगद्यात शिरलेला फोन काहीच न कळवता गायब होतो. म्हणून नेटवर्क पुकारत राहतं, वाट बघतं आणि हरल्यावर ‘बाहेर’ सांगतं. हजेरीची वेळ उलटूनही नोंद आली नाही, तर ४जीत साधारण चार मिनिटांची सवलत देऊन ते पुकारणंही थांबवतं. वाक्यांची नेमकी शब्दरचना प्रत्येक कंपनी आपापली ठेवते.

कधी कधी नोंद अर्धवट राहते: फोनला वाटतं झाली, नेटवर्कला वाटतं फोन जुन्याच एरियात आहे. मग पुकारा चुकीच्या वस्तीत होत राहतो आणि पूर्ण रेंज असलेला फोन शांत पडून राहतो. ‘कोणाचाच फोन का येत नाही’ असं वाटलं तर फ्लाइट मोड लावा, दहा सेकंद थांबा, काढा. फोन ‘निघालो’ सांगून पुन्हा ‘आलो’ सांगतो, नवी नोंद होते, आणि पुढचा पुकारा तुम्ही आहात त्या एरियात होतो.